मध चेहऱ्याला लावावा का? लावावा, पण लिंबाला बाजूला ठेवून

प्रश्न: माझं वय २६. नाशिकला सिडकोत राहते, अंबडला कंपनीत नोकरी. दिवाळीपासून रोज सकाळी मध आणि लिंबाचा रस चेहऱ्याला लावते, वीस मिनिटांनी धुते आणि स्कूटीवरून कामाला जाते. पहिले पंधरा दिवस चेहरा एकदम तुकतुकीत झाला, मैत्रिणींनी विचारलंही. आता गाल कोरडे पडलेत, चुरचुरतात, आणि जबड्यापासून मानेपर्यंत ओघळ आल्यासारखे तपकिरी पट्टे दिसताहेत. मावशी म्हणते, दुकानातला मध भेसळीचा म्हणून असं झालं. ती सुरगाण्याहून जंगलचा मध मागवणार आहे. मध त्वचेला खरंच चांगला असतो का? कोणता लावायचा, कसा? पुटकुळ्या जाऊन रंग उजळेल का?

उत्तर: आधी लिंबू बंद करा, आजच. मधाचं सावकाश बोलू, कारण तुमच्या तक्रारीत मधाचा हात फारसा नाही, आणि भेसळीचा तर त्याहून कमी.

‘ओघळ आल्यासारखे पट्टे’ एवढे शब्द वाचले आणि निदान निम्मं झालं. लिंबाच्या रसात, आणि सालीतल्या तेलात त्याहून जास्त, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी चेतवली जातात आणि त्वचेच्या पेशींना इजा करतात. कुणाला लाली येते, कुणाला जळजळ, क्वचित फोड येतात. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, काही दिवसांनी फक्त तपकिरी डाग दिसू लागतात, तेही रस जिथं ओघळला नेमके तिथं. आपण चेहरा धुताना कपाळ-गाल नीट धुतो, मान राहून जाते. त्यावर सिडको ते अंबड सकाळचं ऊन.

मी २२ वर्षं नाशिकमध्ये त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. हा प्रकार मला पहिल्यांदा नीट शिकवला तो पंचवटीत लिंबू सरबताची गाडी लावणाऱ्या एका काकांनी. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात काळपट-तपकिरी छटा, डावा हात स्वच्छ. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे लिव्हरचं दुखणं आहे, तीनदा रक्त तपासून झालं होतं. मी विचारलं, लिंबू कोणत्या हातानं पिळता? ते हसले आणि त्यांनी उजवा हात वर केला. उन्हाळा संपून गाडी बंद झाली, डाग हळूहळू फिके पडले. तुमचेही पडतील, त्याला आठवडे नाही, महिने लागतात.

कोरडेपणाचं कारणही तेच. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या घरात असतो, निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. पीएच ही आम्लता मोजायची पट्टी, अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहा पट आम्लता आणि दोन अंक म्हणजे शंभर पट. रोज सकाळी तीन महिने एवढं आंबट चोळल्यावर गाल चुरचुरणारच. मध स्वतः आम्लच आहे, पण त्याचा पीएच चारच्या जवळपास, म्हणजे त्वचेच्या बराच शेजारी. साध्या साबणाची वडी नऊ-दहावर असते. म्हणून साबणानं ओढल्यासारखा होणारा चेहरा मधानं धुतल्यावर मऊ वाटतो, यात जादू काही नाही.

आता मधाकडे वळू. साधारण ८० टक्के साखर, तीही मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. १७-१८ टक्के पाणी. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत आम्लं, एन्झाइम, पराग आणि रंग-वासाची द्रव्यं. इतक्या दाट साखरेत जंतूंना जगायला पाणीच मिळत नाही, त्यामुळे मध बरणीत वर्षानुवर्षं टिकतो. पण त्वचेच्या दृष्टीनं मला जास्त मजा वाटते ती त्यातल्या एका एन्झाइमची. फुलातला मकरंद आणताना मधमाशी आपल्या ग्रंथीतला ग्लुकोज ऑक्सिडेज त्यात मिसळते. दाट मधात तो जवळपास झोपलेला असतो. मधात पाणी मिसळलं की जागा होतो आणि ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जंतुनाशक, तयार करत राहतो. जखमेवर लावायच्या तीन टक्क्यांच्या द्रावणाच्या साधारण हजाराव्या भागाइतकंच, पण थेंबाथेंबानं, बराच वेळ. म्हणून मध कोरड्या चेहऱ्यावर थापण्यापेक्षा ओल्या चेहऱ्यावर पातळ लावलेला बरा. आणि म्हणूनच मध गॅसवर गरम करायचा नाही. उष्णतेनं हे एन्झाइम मरतं, मग उरतो फक्त गोड पाक. आयुर्वेदात मध तापवू नये म्हणतात ते खाण्याच्या संदर्भात, पण ती सवय इथंही उपयोगीच पडते.

जाता जाता एक. मध केसांना लागला की केस पांढरे होतात, ही भीती आमच्या आजीलाही होती. मध लावताना ती आमच्या कपाळावरचे केस फडक्यानं घट्ट बांधायची. एवढ्याशा पेरॉक्साइडनं भुवया पांढऱ्या होत नाहीत. फडकं मात्र मी अजूनही बांधते, केस चिकट होऊ नयेत म्हणून.

पहिले पंधरा दिवस तुमचा चेहरा तुकतुकीत झाला, ते खरं होतं. मधातली साखर पाणी धरून ठेवते. ते पाणी त्वचेच्या वरच्या थरात शिरलं की थर फुगतो, बारीक सुरकुत्या दिसेनाशा होतात, उजेड सारखा परततो आणि चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पण तो रंग बदललेला नसतो, पाणी भरलेलं असतं. आणि मध पाणी धरतो, त्यावर झाकण घालत नाही. झाकण घालायचं काम तेलाचं, तुपाचं किंवा क्रीमचं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की चेहरा धुऊन तसाच सोडला तर पाच मिनिटांत ताणला जातो. तुम्ही नेमकी थंडीत सुरुवात केली, मध धुतला आणि वर काही न लावता वाऱ्यात स्कूटीवर बसलात. जुन्या बायका मधात दुधाची साय घालत, त्यात अर्थ होता. साय म्हणजे झाकणच.

पुटकुळ्यांबद्दल मी तुम्हाला निराश करणार आहे. मध जंतू मारतो, पुटकुळ्यांत जंतू असतात, म्हणजे मध पुटकुळ्या बऱ्या करेल, हा हिशोब कागदावर छान दिसतो. न्यूझीलंडमध्ये १३६ जणांवर १२ आठवडे तो तपासला गेला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्यांना जंतुनाशक साबण दिला होता. निम्म्यांना वर तिथल्या कानुका झाडाचा मध ग्लिसरीनमध्ये मिसळून लावायला दिला. मधानं जास्तीचा फायदा झाल्याचं काही दिसलं नाही. पुटकुळीची सुरुवात आत होते: तेलग्रंथी, हार्मोन, रोमछिद्राच्या तोंडाशी साचलेला मृत पेशींचा बूच. वरून लावलेला मध तिथपर्यंत पोचत नाही. मधानं पुटकुळ्या वाढतात असंही मी क्वचितच पाहिलंय, म्हणजे हौसेनं लावायचा तर लावा. पण सहा महिने मधावर घालवून व्रण पडल्यावर माझ्याकडे येऊ नका. अ‍ॅडापलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडच्या मलमानं जे आठ-बारा आठवड्यांत आटोक्यात येतं, त्याचे खड्डे भरायला नंतर वर्षं आणि पैसे दोन्ही जातात.

कोंडा आणि नाकाच्या बाजूला, भुवयांत धरणारी खपली, म्हणजे सेबोऱ्हिक डर्माटायटिस, याची गोष्ट वेगळी. २००१ मध्ये ३० रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध कोमट पाण्यात थोडासा पातळ करून दिवसाआड लावायचा, तीन तास ठेवायचा, असं चार आठवडे. खाज आठवड्याभरात थांबली, खपल्या गेल्या. ज्यांनी पुढे आठवड्यातून एकदा चालू ठेवलं त्यांना सहा महिने परत त्रास नाही, ज्यांनी सोडलं त्यातल्या बहुतेकांना पुन्हा. अभ्यास लहान आहे, आणि डोक्याला मध लावून तीन तास बसायचं म्हणजे दारात मुंग्यांची दिंडी. तरी कोंड्यावरचा कीटोकोनॅझोल शाम्पू सोसत नाही अशा दोन-तीन पेशंटना मी हे सुचवलंय आणि त्यांना उतार पडला.

पण मधाची खरी कमाई चेहऱ्यावर नाही, जखमेवर आहे. यात आपल्या महाराष्ट्राचं मोठं काम आहे, ते नाशिकमध्ये फारसं कुणाला ठाऊक नसतं. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना तेव्हा सगळीकडे वापरलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. एवढी मोठी तफावत पाहिली की माझ्यासारखी संशयी माणसं भुवया उंचावतातच, पण नंतरच्या आढाव्यांतही मध्यम खोलीच्या भाजण्यावर मधाची पट्टी नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा लवकर काम करते, हे टिकून राहिलं. सुश्रुतसंहितेत जखमेवर मध आणि तूप सांगितलंय, त्या अनुभवाला हे आधुनिक पाठबळ म्हणायला हरकत नाही.

मात्र यावरून फोडणीचं तेल उडालं की स्वयंपाकघरातली बरणी उघडायची नाही. भाजलं की आधी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. जखमेसाठी वापरतात तो वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू असू शकतात. घरात मधुमेही माणूस असेल आणि पायाला जखम झाली असेल तर मध, हळद, भस्म यांतलं काही न लावता सर्जन गाठा. अशा पायात आठवडाभर उशीर झाला की बोट गमवावं लागतं.

त्याच बीजाणूंमुळे आणखी एक सांगते. तुम्हाला आज लागू नसलं तरी घरात कुणाला तरी असेल. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. बाळगुटीत नाही, सोनं उगाळून नाही, चोखणीला लावूनही नाही. बाळाच्या आतड्यात ते बीजाणू रुजून विष तयार करू शकतात, त्यानं बाळ लुळं पडतं. एकदा एक बाळंतीण माझ्याकडे आली, स्तनाग्रांना चिरा पडलेल्या. सासूबाईंनी प्रेमानं तूप-मध लावायला दिलं होतं आणि ती प्रत्येक वेळी पुसून बाळाला पाजत होती. त्या दोघींना वाटत होतं, मध बाळाला कुठं देतोय, आपण तर आईच्या अंगाला लावतोय! तिथं नुसतं तूप लावा, किंवा लॅनोलिन.

आता मावशींचा जंगलचा मध. सुरगाणा, पेठ, हरसूल भागातून येणारा मध बहुधा आग्या मोहोळाचा असतो. आग्या माशी पेटीत राहत नाही. उंच झाडावर, कड्यावर एकच मोठं उघडं पोळं लावते. पेटीत पाळतात त्या सातेरी आणि मेलिफेरा. आग्याचा मध खायला झकास, पण तो बऱ्याचदा पातळ असतो, आणि पोळं हातानं पिळलं की त्यात पराग, मेण, अळ्यांचा रस सगळं उतरतं. माझ्याकडे आलेल्या अशाच एका बाटलीत वर फेसाचा थर होता आणि खाली माशीचा एक पाय तरंगत होता. झाकण उघडलं तर फुस्स आवाज आला. पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की मध आंबतो, तसा तो आंबलेला होता. पराग आणि पोळ्यातला राळेसारखा प्रोपोलिस यांची ॲलर्जी काही लोकांना असते, आणि चेहऱ्यावर ती ओठ-पापण्या सुजवून दिसते. म्हणून जंगलचा मध ताटात ठेवा. चेहऱ्याला गाळलेला, सीलबंद, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असलेला साधा मध पुरतो.

भेसळीबद्दल मावशी खोटं बोलत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं १३ ब्रँड तपासले, त्यातले फक्त तीन सगळ्या चाचण्यांत उतरले. भेसळ साखरेच्या पाकाची होती, आणि तो नेहमीच्या चाचण्या चुकवील असाच बनवलेला. त्यामुळे ग्लासात थेंब सोडणं, काडी पेटवणं, ब्लॉटिंग पेपर, या घरगुती परीक्षांवर मी विश्वास ठेवत नाही. दाट पाकही त्यात पास होतो. उलट थंडीत मध खाली दाणेदार झाला की लोक ‘साखर घातली’ म्हणून ओततात. ग्लुकोज जास्त असलेला मध आपसूक गोठतो, मोहरीचा तर फार लवकर. बरणी कोमट पाण्यात ठेवली की सुटतो. चेहऱ्यावर दाणे घासू नका एवढंच. आणि हे लक्षात घ्या: भेसळीच्या मधानं खिशाचं नुकसान होतं, मानेवर पट्टे येत नाहीत. परदेशी मानुका मधावर पैसे घालवायचं म्हणत असाल तर तेवढ्यात दोन सनस्क्रीन येतील.

लावायची पद्धत. गाल शांत होईपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार आठवडे, मधही नको. मग आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा. ठीक असेल तर आठवड्यातून दोनदा, रात्री. चेहरा कोमट पाण्यानं ओला करायचा, पाऊण चमचा मध तळहातावर चार थेंब पाण्यात फिरवून पातळ करायचा, डोळे सोडून हलक्या हातानं पसरायचा. दहा मिनिटं पुरे. एक तास ठेवला म्हणून सहापट फायदा होत नाही. साध्या पाण्यानं धुवा, मानही धुवा. टॉवेलनं टिपा, आणि चेहरा दमट असतानाच, दोन मिनिटांच्या आत, क्रीम लावा. फुटलेल्या ओठांना रात्री मधाचा थेंब आणि वर तुपाचं बोट, हे मी स्वतः दर थंडीत करते.

मधात काय घालायचं नाही याची यादी मला घालायच्या यादीपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण क्लिनिकमध्ये येणारं नुकसान जवळजवळ नेहमी सोबत्यांचं असतं. लिंबू झालंच. खायचा सोडा त्वचेचं आम्लपण मोडतो. साखरेचा स्क्रब बारीक ओरखडे काढतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर प्रत्येक ओरखड्यामागे काळा डाग राहू शकतो. दालचिनी-मधाचा लेप हल्ली मोबाइलवर फार फिरतोय; दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड कातडी भाजल्यासारखी लाल करतो. गेल्या पावसाळ्यात एक नवरी लग्नाच्या पाच दिवस आधी त्यापायी आली होती. हळदीच्या दिवशी तिला हळद न लावता नुसतं बोट टेकवलं सगळ्यांनी.

रंग उजळण्याचं राहिलं. मधानं रंग बदलत नाही, वांगही जात नाही. तुम्हाला सध्या लागणार आहे ते सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा वरचं, चेहऱ्याला-मानेला मिळून दोन बोटं भरून, निघायच्या पंधरा मिनिटं आधी, आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. स्कूटीवर सुती ओढणी मानेपर्यंत. मेडिकलवाल्यानं ‘डागांची ट्यूब’ म्हणून काही हातात दिलं तर त्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन लिहिलंय का ते वाचा. लिहिलं असेल तर परत करा, त्या स्टेरॉइडनं चेहरा पातळ आणि लालबुंद होतो आणि सोडवता सोडवत नाही. पट्ट्यांचा एक फोटो आज दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभं राहून काढून ठेवा, दुसरा सहा आठवड्यांनी त्याच जागी. फिके पडत असतील तर काहीच करू नका. तसेच असतील किंवा दोन्ही गालांवर सारखे पसरत असतील तर ते लिंबाचं नसून वांग असू शकतं, तेव्हा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या ट्यूब-बाटल्या पिशवीत घालून न्या, मावशींच्या बाटलीसकट.